रिकामी बाटली परत देत नाहीत

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर वाद नको. मी भूत मानत नाही. भूत, भानामती, अंगात येणं, दृष्ट, सुतक या सगळ्यांविरुद्ध मी पत्रकं लिहिते. लिहिते मीच, छापून आणते मीच, आणि नागपूरच्या बर्डीवर, बाजारात, भर उन्हात उभी राहून वाटतेही मीच. लोक ती वाचत नाहीत हे मला माहीत आहे. पुढच्या वळणावरचा पोहेवाला त्यांत पोहे बांधून देतो, हेही माहीत आहे. त्याला मी सांगितलं, निदान छापलेली बाजू आतून ठेव, खाताना तरी नजर पडेल.

आणि मी अत्तराच्या रिकाम्या बाटल्या जमवते.

वाटेल त्या नाही. क्युबा बेटावर हवाना शहरात एक जुनं सुगंधी घराणं होतं. साखर कारखान्यांच्या मालकांच्या बायकांसाठी ते अत्तरं करायचं. जाड काच, घासून बसवलेलं काचेचं झाकण, मानेला रेशमी गोंडा. ऊस तोडणारा उन्हात करपायचा आणि त्याच्या घामातून ही काच चमकायची. मग तिथे क्रांती झाली, अत्तराचा कारखानाही सरकारचा झाला. त्यानंतरच्या बाटल्या पाहा. काच पातळ, तळाला हवेचे बुडबुडे, लेबल तिरकं चिकटवलेलं, गोंडा गायब. पण आतलं व्हायोलेट फुलांचं पाणी तेच, आणि आता ते कुणाच्याही बाळाच्या टाळूवर. तिकडे बाळाला अंघोळ घातली की हे पाणी लावतात म्हणे. मला या तिरक्या लेबलाच्या बाटल्याच जास्त आवडतात. बाटलीत एवढं राजकारण असतं हे लोकांना पटत नाही, त्याला मी काय करू?

संघटनेतले सोबती हसतात. "काय वं, क्रांती करून राहिली का अत्तर विकून राहिली?" मी म्हणते, विकत नाही, रिकाम्याच घेते. "मंग तं अजूनच वाया गेली," म्हणतात.

पहिली बाटली गांधीबागेत मिळाली. कापडाच्या ठोक दुकानांच्या मागच्या गल्लीत एक अत्तरवाला बसतो. चांगली परदेशी बाटली हाती आली की हे लोक फेकत नाहीत, धुऊन तिच्यात आपलं अत्तर भरतात. त्याच्या फळीवर हिना भरलेली एक बाटली होती आणि तळाच्या काचेत हवानाचं नाव उठलेलं होतं. ती तिथे कशी आली ते त्यालाही सांगता येईना. म्हणाला, "बापाच्या वेळची आहे, बाप गेला, बाटली राहिली." हिना दुसरीकडे ओतून घ्यायला लावलं आणि बाटली घेतली. मग नाद लागला. काही इंटरनेटवरून आल्या, एक गोव्याहून, एक कोलकात्याच्या भंगारातून. आमच्या हुडकेश्वरच्या घरी पुढच्या खोलीत खिडकीजवळ एक फळी आहे, तिथे त्या उभ्या असतात.

आईला त्या कधीच पटल्या नाहीत. तिचं म्हणणं, भांडं म्हटलं की त्यात काही असावं. शेजारच्या घरून डब्यात भाजी आली तर डबा परत करताना ती त्यात निदान मूठभर साखर घालतेच. "रिकामं भांडं परत देत नाहीत." का देत नाहीत? "नाही देत." यावर पत्रक लिहिणार होते, पण यात कुणाचं नुकसान होत नाही म्हणून राहिलं. आणि तिचं दुसरं म्हणणं असं की तिन्हीसांजेला अत्तर लावून बाहेर पडलं की काहीबाही मागे येतं. "तू तं वासच घरात आणून ठेवला," ती म्हणायची. "बोलावलं नाही तरी येतीन." यावर मात्र मी पत्रक लिहिलं. नाव दिलं, 'वास, भास आणि भूत'. त्याच्या बऱ्याच प्रती अजून आमच्या पलंगाखाली आहेत.

यंदाच्या उन्हाळ्यात, दुपारी, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं तेव्हा, फाटकाशी एक बाई उभी राहिली. पन्नाशीची, तोंडाला ओढणी गुंडाळलेली, आमच्याच हुडकेश्वरच्या पलीकडच्या लेआउटच्या वस्तीतली. बँकेतली नोकरी आईच्या आजारपणासाठी सोडलेली, हे तिनं पहिल्या पाच वाक्यांतच सांगितलं. मी तिला ताई म्हणायला लागले. गांधीबागेतल्या अत्तरवाल्यानं तिला माझा पत्ता दिला होता.

"हवानाच्या बाटल्या तुमीच घेता ना?" ती म्हणाली. "माझे बाबा युनियनचे होते. एकदा त्याईले हवानाले नेलं होतं, इथून पोरापोरींचं शिष्टमंडळ गेलं होतं तेव्हा. आईसाठी त्याईनं एक बाटली आणली. बारक्या फुलांचं चित्र होतं तिच्यावर. आईनं वर्षानुवर्षं थेंब थेंब लावलं, सणालाच. मंग आमी क्वार्टर सोडून इकडं आलो तेव्हा सामानात ती फुटली. बाबा त्याच्या आधीच गेले होते."

"आणि आता?"

"आता आई कोणाले ओळखत नाही. मले बाई म्हणते. नर्स समजते मले. 'बाई, पाणी द्या. बाई, तुमाले घरी जायाचं नाही का?'" हे सांगताना ती हसली, आणि मी कुठे पाहावं ते मला कळेना.

धंतोलीतल्या दवाखान्यात दाखवून झालं होतं. धंतोली म्हणजे काय ते नागपूरच्या माणसाला सांगायला नको. गडचिरोलीपासून बुलढाण्यापर्यंतची माणसं तिथे फुटपाथवर डबा उघडून बसलेली असतात, नंबर लागायची वाट पाहत. ताईनंही अर्धा दिवस वाट पाहिली आणि आतल्या डॉक्टरनं चिठ्ठीवरून मान वर न करता सांगितलं, वय झालं, आता असंच राहील, ओळखीची गाणी ऐकवा, ओळखीचे वास द्या. वास द्या म्हणे. वास कुठल्या मेडिकलमध्ये मिळतो हे सांगायला त्याला वेळ नव्हता.

"एकदा तरी तिनं मले ओळखावं," ताई म्हणाली. "एकदाच. मंग काही म्हणणं नाही माझं."

फळीवरच्या बाटल्यांपैकी व्हायोलेटच्या पाण्याची एकच होती. तिरक्या लेबलाची, फुलांचं चित्र उडून गेलेली. आत थेंब नव्हता. तळाशी तपकिरी डाग वाळून बसला होता, चहाच्या कपात बसतो तसा. झाकण काढलं की वास यायचा. व्हायोलेटचं फूल मी आयुष्यात पाहिलेलं नाही, त्यामुळे कशासारखा तो वास, ते मला इथल्याच वस्तूंनी सांगावं लागेल. ओली पाटी, तोंडाची पावडर, आणि खाली कुठेतरी कापलेली काकडी. ताईनं तो घेतला आणि पायरीवर बसूनच राहिली.

"हाच," ती म्हणाली. "हाच आहे वं."

मी बाटली देऊन टाकली. म्हणजे उसनी. आणि सवयीनं पत्रकही दिलं. मी सगळ्यांनाच देते. तिनं घडी करून पिशवीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः गेले. लपवत नाही, मला उत्सुकता होती. दोन खोल्यांचं स्लॅबचं घर, दारं ओढलेली, कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास कोंडलेला. आजी पलंगावर होत्या. त्या दिवाळीपासून पलंगावरून उतरल्या नव्हत्या, पाय काड्यांसारखे झाले होते. ताईनं बाटली त्यांच्या नाकाशी धरली. आजींनी डोळे मिटले. मग उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यावरून मागे.

"आले का?" त्या म्हणाल्या. "त्या पोरीच्या मागं उभे काहून राहिले? बसा नं."

मी मागे वळले नाही. कबूल करते, वळायला हवं होतं, भिंतच होती. पण वळले नाही.

"पाणी देत नाही का बाई त्याईले?" आजी ताईला म्हणाल्या. ताईनं पाणी आणलं. कुणाला द्यायचं ते न कळून पेला हातात धरून उभी राहिली. थोड्या वेळानं आजींनी तोंड फिरवलं. "गेले," म्हणाल्या. जरा वेळानं पुन्हा, "आले."

बाहेर स्वयंपाकघरात येऊन मी ताईला नीट समजावलं. व्हायोलेटच्या वासात एक असा पदार्थ असतो जो नाकाला थोडा वेळ बधिर करतो. वास येतो, नाहीसा होतो, पुन्हा येतो. फूल तेच, नाक तेच, मध्ये फक्त नाक झोपतं. आजींना नवरा येतो-जातो असं वाटतं ते यामुळे. मी हे पत्रकासारखंच बोलले, मुद्देसूद.

ताई ऐकत होती. "म्हणजे बाबाचं येणंजाणं नाकात आहे म्हणते तू."

"हो."

"बरं. नाकात तं नाकात. पण मले अजून बाईच म्हणते ना ती."

आम्ही हे बोलत होतो तेव्हा बाटली माझ्या हातात होती, झाकण लावलेली. मी सहज झाकण उचलून ती नाकाशी नेली. वास आला. मग गेला, अगदी कापल्यासारखा. आणि त्याच क्षणी आतल्या खोलीतून आजींचा आवाज आला. "गेले."

मी ताईकडे पाहिलं. ती चहाचं पाणी ठेवत होती. मी बाटली नाकाशीच धरून उभी राहिले. कूलर घरघरत होता. कितीतरी वेळ काचेला काचेचाच वास होता. मग खालून काकडी आली, मग पावडर, आणि आतून, शांतपणे, कुणाला बसायला पाट द्यावा तशा आवाजात, "आले."

मध्ये भिंत होती. मधलं दार ओढलेलं होतं. आता यावर उत्तर आहे, मला माहीत आहे. योगायोग. दोनदा झालेला योगायोग. मी तिसऱ्यांदा करून पाहायला हवं होतं. तपासणं म्हणजे तेच, पुन्हा करणं. हे मी शाळाशाळांतून पोरांना सांगत फिरते. मी झाकण बसवलं आणि चहा नको म्हणून निघून आले.

बाटली तिथेच राहू दिली. ताई रोज दुपारी वास द्यायची. अधूनमधून मी जायची. आजी बोलायला लागल्या होत्या, पण सगळं माझ्या मागच्या भिंतीशी. मोर्च्याला जाताना डबा नेला का, सभेला पोलीस आले होते का, विडी कमी करा. ताई जवळ बसून ऐकायची आणि मध्येच म्हणायची, "आई, मी कोण आहे?" आजी सौजन्यानं हसायच्या. "तुमी बाई आहे नं. लई चांगल्या आहे तुमी."

मला या सगळ्याची चीड येत होती. आजींची नाही, त्या वासाची. ज्या माणसाला कुणी शोधत नव्हतं तो रोज हजर, आणि जी रोज अंग पुसत होती, लघवीचं भांडं धरत होती, तिचा पत्ता नाही. मी ताईला म्हटलंही, "बंद करा हा प्रकार. बाटली घेऊन जाते मी."

"अजून दोन-चार दिवस राहू दे," ती म्हणाली. "मी सांगते तिले रोज. आई, ही बाटली आपली नाही, आपली तं फुटली. ही त्या पोरीची आहे, परत द्यायची आहे. तोपर्यंत तरी पाह्य माझ्याकडं."

"मग?"

"मंग काय. म्हणते, बाई पंखा कमी करा."

बाटली आता आजींच्या उशीखाली असायची. घ्यायला गेलं की त्या मूठ आवळायच्या. ताईनं नाद सोडून दिला.

आणि एका सकाळी फोन आला. झोपेतच गेल्या, ताई म्हणाली. आवाज कोरडा होता.

मी गेले. ताईनंच अग्नी दिला. लांबून आलेल्या दोन नातेवाइकांनी पोरीनं काहून, पोरीनं काहून, असं लावलं होतं. मी त्यांना घाटावरच विचारलं की गेल्या दिवाळीपासून लघवीचं भांडं धरायला तुमच्यापैकी कोणता पोरगा आला होता. अशा वेळी माझी जीभ बरी चालते.

परत आल्यावर मी फाटकातूनच निघणार होते. ताई आतून आली. हातात रुमालाची गाठोडी होती, पुरुषाचा जुना चौकड्यांचा रुमाल, घट्ट दुहेरी गाठ मारलेला.

"तुझी बाटली. उशीखाली अशीच बांधलेली होती. बाबाचा रुमाल आहे, तो राहू दे तुझ्याकडं, मले सोडवत नाही आता." मग खाली पाहून म्हणाली, "रिकामीच देऊन राहिली. सुतक आहे नं, घरातलं काही घालून देता येत नाही. राग नको मानू."

सुतकावर माझं वेगळं पत्रक आहे, दोन्ही बाजूंनी छापलेलं. पण ती त्याही दिवशी भांडं रिकामं देते म्हणून माफी मागत होती. मी गाठोडी घेतली आणि आले.

आईनं मला दारातच थांबवलं. घाटावरून आलं की अंघोळ, मग घर. मी पटत नसलं तरी करते, कारण न केलं तर ती जेवत नाही. गाठोडी पायरीवर ठेवली. अंघोळ करून आले तर आई पायरीवर उन्हातच उभी होती, गाठोडीकडे बघत, हात मागे बांधून.

"त्यात काय आहे?"

"बाटली. माझीच."

"सोड बरं."

गाठ सुटेना. दातांनी सोडवली. रुमालात बाटली, झाकण लावलेली. आणि ती साखरेनं भरलेली होती. मानेपर्यंत.

मला आधी कळलंच नाही काय आहे ते. उन्हात ती नुसती पांढरी दिसली, दूध गोठावं तशी. मग दाणे दिसले. मी झाकण काढलं, वास घेतला. कसलाच नव्हता.

"तू तं म्हणाली रिकामी आहे," आई म्हणाली.

"ताई म्हणाल्या रिकामी आहे."

आई दोन पायऱ्या मागे गेली. "सुतकातल्या घरची साखर. फेक."

"आई."

"फेक म्हणते ना." पण तिनं स्वतःच पुढे येऊन बाटली उन्हाकडे धरली, तिरपी केली. साखर हलली नाही. सुईनं टोचलं तेव्हा गोळा होऊन बसलेला थर मोडला. कूलरच्या घरात साखर अशीच होते, दमट हवेत दोन दिवस राहिली की दाणे एकमेकांना धरतात. "आज भरलेली नाही ही," आई हळूच म्हणाली. "आधीची आहे. बाई जिवंत होती तेव्हाची." आणि मग, स्वतःशी बोलल्यासारखं, "मंग चालते."

तिच्यापुरता प्रश्न संपला होता. तिनं बाटली आत नेऊन फळीवर तिच्या जागी ठेवली. माझा संपला नव्हता. त्या मानेतून करंगळीही जात नाही. त्यातून एवढी साखर सांडू न देता भरायची तर हात स्थिर हवा. आजींना पाण्याचा पेला धरता येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ताईकडे गेले. सुतकातल्या घरी कुणी जात नाही, म्हणून रस्ता मोकळा होता आणि फाटक उघडंच होतं. ताई जमिनीवर बसली होती. पलंग तसाच होता, गादी देऊन टाकायची म्हणून गुंडाळायला काढलेली. मी सरळच विचारलं. मला आडून बोलता येत नाही.

"ताई, बाटलीत साखर तुम्ही भरली?"

"कायची साखर?"

मी सांगितलं. तिनं मान हलवली, नाही म्हणून.

"विसरला असाल तुम्ही. इतक्या दिवसांची झोप नाही."

"आईनंतर माझाच नंबर आहे म्हणते का विसरायचा?" ती म्हणाली. "नाही वं. भरली असती तं सांगतलं असतं. मी तं तुले तोंडानं म्हटलं रिकामी देते म्हणून, शरम वाटून राहिली होती मले."

मग कुणी? घरात दोघीच होत्या. साखरेचा डबा स्वयंपाकघरात वरच्या फळीवर होता. आजींना मधुमेह, पूर्वी हिंडत्याफिरत्या असताना चोरून खायच्या, म्हणून ताईनं तो वर चढवून ठेवला होता. मी हात वर करून पाहिलं. माझा हात पोचला नाही. स्टूल घेतलं तेव्हा पोचला. डब्यावर धूळ होती की नव्हती, तेही मी पाहिलं. नव्हती, कारण ताई चहाला रोज तोच डबा काढायची. म्हणजे त्यातून काही सिद्ध होत नाही.

खोलीत परत आले तेव्हा ताईनं गादी उचललेली होती आणि ती वाकून पलंगाच्या पट्ट्यांकडे बघत होती. उशीच्या बाजूला, दोन पट्ट्यांच्या फटीत, कागदाची एक पुंगळी होती. किराणावाला करतो तशी, खाली निमुळती, टोक जपून दुमडलेलं. मी ती उचलली. आतून साखरेचे दाणे चिकटलेले होते. बाहेरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत माझ्याच पत्रकाचं नाव. 'वास, भास आणि भूत'.

छापलेली बाजू बाहेर ठेवली होती.

मी पुंगळी ताईला दिली. तिनं ती बोटांत फिरवली. इतकी घट्ट, इतकी नेटकी. "अशी पुंगळी आईच करायची," ती म्हणाली. "मोर्च्याच्या पत्रकांची. त्यात फुटाणे भरून द्यायची मले शाळेत. मले कधीच जमली नाही, माझी खालून उघडते."

कूलर बंद होता. सुतकामुळे नाही, बिघडला होता. भिंतीला टेकलो तर पाठ भाजत होती.

"मी रोज सांगायची तिले," ताई म्हणाली. "ही आपली नाही, परत द्यायची आहे. रोज. अन् ती म्हणायची, बाई, पंखा."

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. माझ्या तोंडात नेहमीच तयार असतं, त्याचंच काम करते मी. "ताई, हाताला सवय असते. माणूस सगळं विसरतं तरी हात विसरत नाही. भांडं दिसलं की त्यात साखर घालायची, ही आयुष्यभराची सवय. ती ओळख नव्हे." मी हे हळू बोलले, पण बोलले. खोटं समाधान देणं मला जमत नाही, आणि कुणी दिलेलं चालतही नाही.

ताईनं थोडा वेळ विचार केला. खरंच केला, तोडून टाकायचं म्हणून नाही.

"हाताले सवय असते," ती म्हणाली. "कबूल. पण स्वतःच्या बाटलीत कोणी साखर घालत नाही. परत द्यायची त्यात घालतात. अन् ही परत द्यायची आहे हे हाताले कोणं सांगतलं? मीच सांगतलं नं? अजून कोण होतं इथं सांगाले?"

माझ्या मागच्या भिंतीकडे पाहण्याचा मोह मला झाला. त्या दिवशीही मी वळले नाही.

"मले बाई म्हणत होती," ताई म्हणाली, "पण ऐकत होती माझंच." आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा ती रडली. पुंगळी चुरगळू नये म्हणून हात लांब धरून रडली.

मी बाटली तिला द्यायला तयार होते. पुन्हा पुन्हा म्हटलं. ती ऐकेना. "परत जायाची म्हणून तिनं भरली. मी ठेवून घेतली तं तिचं केलेलं वाया जाईन." पुंगळी मात्र तिनं ठेवून घेतली.

आता पाऊसकाळ लागला आहे. आईनं तेरावं झाल्यावर ताईकडे डब्यातून मुगाची खिचडी पाठवली, भरून आलेल्या भांड्याची परतफेड म्हणून. ताईनं डबा परत पाठवला तेव्हा त्यात अर्थातच साखर होती. आईनं तो डबा सहज फळीवर ठेवला, हवानाच्या बाटलीशेजारी, आणि विसरली. दुसऱ्या दिवशी डब्याच्या कडेनं मुंग्यांची काळी रांग लागली होती. खिडकीतून फळी, फळीवरून डबा. बाटली त्या रांगेच्या अगदी वाटेत होती. रांग तिच्यापाशी येऊन, तिला वळसा घालून पुढे गेलेली. काचेवर एकही मुंगी नव्हती.

मी रोज बघते. आजवर एकही चढलेली नाही. साखरेत वासाचा अंश उतरला असेल, तो मुंग्यांना चालत नसेल. असेल. मला तरी वास येत नाही. कधीकधी दुपारी येतो, जातो, पुन्हा येतो, तेव्हा मी दुसऱ्या खोलीत असते.

ताई अधूनमधून येते. मोर्च्याला यायलाही लागली आहे, पत्रकं वाटते, माझ्यापेक्षा जास्त संपवते. आली की आधी फळीकडे जाते. परवा तिनं विचारलं, "मुंग्या लागल्या का वं तिले?"

"नाही."

"नाही लागायच्या," ती समाधानानं म्हणाली. "आईचं झाकण घट्ट असायचं. आमच्या घरी कधी कायले मुंग्या नाही लागल्या."

बाटलीचं झाकण सैल आहे. वाहतुकीत त्याची कड उडालेली आहे, बोट लावलं की फिरतं. हे मी ताईला सांगितलेलं नाही.